गॅल्व्हेस्टनच्या खाडीत रेडफिश चार्टर: परवाना कोणाला लागतो, कागदपत्रं कोणती, अर्ज कसा करायचा

ह्यूस्टन परिसरातल्या मराठी घरांमध्ये उन्हाळ्यात पाहुणे येतात, आणि त्यातला कोणी कोकणातला किंवा मालवणचा असला की मासेमारीचा विषय निघतोच. चार्टर बोट, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने घेतलेली बोट, ठरते, ॲडव्हान्स भरला जातो, आणि परवान्याचं काय असं कोणी विचारलं तर उत्तर येतं, ‘ते कॅप्टन बघतो.’ टेक्सासमध्ये ते कॅप्टन बघत नाही. फ्लोरिडात चार्टर बोटीच्या परवान्यात प्रवाशांची मासेमारी धरलेली असते, त्यामुळे तिकडे जाऊन आलेल्यांचा हा समज पक्का झालेला असतो. टेक्सासमध्ये मात्र गळ टाकणाऱ्या प्रत्येक प्रौढाकडे स्वतःच्या नावाचा परवाना हवा. नसेल तर २५ ते ५०० डॉलर दंड होऊ शकतो, आणि वन्यजीव विभागाचे गेम वॉर्डन धक्क्यावर आणि खाडीतही बोटी थांबवून तपासतात.

एवढी कडक व्यवस्था का, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे नियम जाचक वाटणार नाहीत. रेडफिश, म्हणजे रेड ड्रम, हा आपल्या घोळ आणि ढोम्याच्याच कुळातला मासा. तांबूस अंग, शेपटीजवळ काळा ठिपका. लहानपणची तीन-चार वर्षं तो खाडीत, खाजणाच्या गवतात आणि कालवांच्या खडकांवर काढतो, आणि साधारण २८-३० इंचांचा होऊन वयात आला की बाहेर गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात, जातो. तिथे तो तीस-चाळीस वर्षं जगू शकतो. १९८०च्या दशकात न्यू ऑर्लीन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांच्या ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ने अमेरिकेला वेड लावलं आणि गल्फमधल्या याच मोठ्या, अंडी घालणाऱ्या माशांवर जाळी पडली. टेक्सासने त्याआधीच, १९८१मध्ये, राज्याच्या पाण्यातल्या रेडफिशची विक्री बंद केली होती. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या हद्दीतल्या, पाण्यात तो ठेवायला आजही बंदी आहे. टेक्सासची हद्द किनाऱ्यापासून नऊ सागरी मैल. त्यापलीकडे रेडफिश लागला की सोडायचा, मग तो कितीही इंचांचा असो. आज रेस्टॉरंटमध्ये मिळतो तो बहुतेक मत्स्यशेतीतला. खाडीत मात्र तो पुन्हा भरपूर आहे. त्यामागे हे नियम आहेत आणि लेक जॅक्सनच्या सी सेंटर टेक्साससारख्या सरकारी केंद्रांतून सोडलेली लाखो पिल्लंही आहेत.

परवाना कोणाला

वय १७ पूर्ण असेल तर लागतो. सतराखालच्या मुलांना लागत नाही आणि १ जानेवारी १९३१पूर्वी जन्मलेल्यांनाही लागत नाही. जो नुसता बोटीत बसून बघणार आहे त्यालाही नको. पण ‘आई, जरा धरा, फोटो काढतो’ म्हणून पाण्यात टाकलेला गळ आईंच्या हातात दिला तर त्या मासेमारी करताहेत असंच धरलं जाईल. एका दिवसाचा परवाना फार महाग नाही, तो काढूनच टाका.

पुढचा प्रश्न रहिवासी की अनिवासी. इथे आपल्याकडच्या लोकांचा हमखास गोंधळ होतो, कारण सगळे व्हिसाच्या भाषेत विचार करतात. मासेमारीच्या परवान्यासाठी ‘रेसिडेंट’ म्हणजे अर्ज करण्याच्या लगेच आधी टेक्सासमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेली व्यक्ती. ग्रीन कार्ड असण्या-नसण्याशी याचा संबंध नाही. एच-वन-बी वर ह्यूस्टनला दोन वर्षं राहणारा इंजिनिअर रहिवासी आहे. डॅलसमध्ये वर्षभर शिकणारी विद्यार्थिनी रहिवासी आहे. आणि कॅलिफोर्नियातून चार दिवसांसाठी आलेला अमेरिकन नागरिक असलेला चुलतभाऊ अनिवासी. भारतातून भेटीला आलेले आई-वडीलही अनिवासीच.

कोणता परवाना घ्यावा

खाडीतल्या मासेमारीला साधा परवाना पुरत नाही, त्यावर खाऱ्या पाण्याचं एंडोर्समेंट, म्हणजे जोड-परवानगी, लागतं. सॉल्टवॉटर पॅकेजमध्ये ते आलेलंच असतं. रहिवाशाला हे पॅकेज ३५ डॉलरला पडतं, ६५ वर्षांवरच्या रहिवाशाला १७ला, अनिवासीला ६३ला. गोड्या पाण्यातही, म्हणजे लेक कॉनरो किंवा लेक लिव्हिंगस्टनला, जाणार असाल तर ऑल-वॉटर पॅकेज ४० डॉलर. पाहुण्यांसाठी एक दिवसाचा ऑल-वॉटर परवाना सगळ्यात सोयीचा: रहिवाशाला ११ डॉलर, अनिवासीला १६. त्यात दोन्ही एंडोर्समेंट येतात. दर बदलू शकतात, पैसे भरण्याआधी विभागाच्या संकेतस्थळावर एकदा बघा.

मुदतीकडे नीट लक्ष द्या. टेक्सासचं परवाना-वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं आणि ३१ ऑगस्टला संपतं. तुम्ही जुलैच्या शेवटी पूर्ण दराने पॅकेज घेतलंत तरी ते महिन्याभरात संपणार. नव्या वर्षाचे परवाने १५ ऑगस्टच्या सुमारास विक्रीला येतात. उन्हाळ्यात पहिल्यांदाच काढत असाल तर खरेदीच्या तारखेपासून वर्षभर चालणारं ऑल-वॉटर पॅकेज मागा. ते ४७ डॉलरचं आहे आणि फक्त रहिवाशांना मिळतं. दुकानातला माणूस ते आपणहून सुचवेलच असं नाही.

अर्ज आणि कागदपत्रं

परवाना देणारं खातं म्हणजे टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंट. त्यांच्या संकेतस्थळावर, फोनवर किंवा दुकानात अर्ज होतो. वॉलमार्ट, अकॅडमी अशा मोठ्या दुकानांच्या स्पोर्ट्स काउंटरवर आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच आमिषाच्या दुकानांत परवाना मिळतो. ऑनलाइन आणि फोनवर वेगळं सेवाशुल्क लागतं.

रहिवाशाकडे टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी असला की काम झालं. नव्याने आलेल्या, लायसन्स अजून हातात नसलेल्या माणसाला वास्तव्याचे दुसरे पुरावे जमवावे लागतात: मागच्या सहा महिन्यांची वीज-पाण्याची बिलं, सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, शेवटचं टॅक्स रिटर्न, गाडीची नोंदणी, अशा स्वरूपाचे. एकच कागद घेऊन जाऊ नका, किमान तीन सोबत ठेवा. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांकडे तो नसतो, म्हणून त्यांचा परवाना पासपोर्ट घेऊन दुकानातूनच काढावा. ऑनलाइन अर्जात अडकून बसण्यापेक्षा ते सोपं.

बोटीवर जाताना १७ वर्षांवरच्या प्रत्येकाजवळ परवान्याबरोबर फोटो असलेलं ओळखपत्रही हवं. पाहुण्यांनी पासपोर्ट किंवा मूळ देशातलं अधिकृत ओळखपत्र झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून न्यावं. बे बोट म्हणजे वीस-चोवीस फुटांची उघडी बोट, वेगात निघाली की सगळ्यांवर पाणी उडतं.

दुकानात परवाना जागीच छापून मिळतो. ऑनलाइन घेतला तर आधी नुसता कन्फर्मेशन नंबर येतो आणि कागद मागाहून टपालाने. त्या नंबरावर मासेमारी लगेच करता येते, मात्र ज्या माशाला टॅग (मोठ्या माशाला बांधायची चिठ्ठी, त्याबद्दल पुढे) लागतो तो ठेवता येत नाही. काही पॅकेजेस पूर्ण डिजिटल मिळतात. त्यांत टॅगची नोंद विभागाच्या ॲपवर करायची असते. शनिवारी पहाटेची ट्रिप असेल आणि शुक्रवारी रात्री परवाना आठवला असेल तर तडक दुकान गाठा.

किती मासे, केवढे, आणि तो टॅग

रेडफिश दिवसाला माणशी तीन, लांबी २० ते २८ इंच, म्हणजे साधारण ५१ ते ७१ सेंटिमीटर. मोजायची पद्धत ठरलेली आहे: तोंड मिटवून थोबाड पट्टीच्या टोकाला टेकवायचं आणि शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत एकत्र दाबून जास्तीत जास्त येईल ती लांबी घ्यायची. शेपटी पसरून साडेएकोणीस भरलेला मासा चिमटीत धरल्यावर वीस भरतो आणि साडेसत्तावीसचा अठ्ठावीसच्या पुढे जातो. म्हणून अंदाजाने शीतपेटीत टाकू नये.

२८ इंचांपेक्षा मोठा, ज्याला तिथे बुल रेड म्हणतात, तो वार्षिक परवान्याबरोबर मिळणाऱ्या रेड ड्रम टॅगवर वर्षातून एकच ठेवता येतो. आणखी एक हवा असेल तर बोनस टॅग वेगळा विकत मिळतो. सतराखालच्या मुलांना परवाना नको असला तरी मोठा मासा ठेवायला त्यांनाही टॅग लागतो. परवान्यातून सूट असलेल्यांसाठीचा हा टॅग तीन डॉलरला मिळतो. मासा ठेवायचं ठरलं की तिथल्या तिथे टॅग पेनाने भरायचा, त्यावरचा महिना आणि तारीख कापून काढायची, आणि शेपटीच्या अगदी आधी जिथे अंग सगळ्यात निमुळतं होतं तिथे दोऱ्याने किंवा तारेने बांधायचा. ‘धक्क्यावर गेल्यावर बांधू’ हे चालत नाही. बॉलपेन आणि छोटी कात्री खिशात असू द्या, ओल्या हातांनी हे करायला वेळ लागतो.

माझं मत विचाराल तर बुल रेड सोडून द्यावा. सप्टेंबर ते नोव्हेंबर गॅल्व्हेस्टनच्या जेटीजवळ, म्हणजे खाडीच्या तोंडाशी समुद्रात गेलेल्या दगडी बांधाजवळ, हे मासे लागतात, ते अंडी घालण्याच्या काळातच. त्यांचं मांस चिवट असतं. कालवणाला, तळायला २२-२४ इंची मासाच चांगला.

त्याच बोटीवर स्पेकल्ड ट्राउटही लागेल. तो दिवसाला तीन, १५ ते २० इंच. फ्लाउंडर १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर ठेवायचाच नाही. चार्टरवर आणखी एक गोष्ट: बोटीची एकूण मर्यादा काढताना कॅप्टन आणि त्याचा मदतनीस वगळतात. चार जण गळ टाकत असतील तर बारा रेडफिश, पंधरा किंवा अठरा नव्हे. ‘माझा वाटा तुम्ही घ्या’ असं कोणी कॅप्टन म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा.

बोटीवर माशाचं डोकं-शेपूट काढायचं नाही, फिले करायचे नाहीत. जमिनीवर उतरल्यावरच साफसफाई. आणि शेजारच्या काकूंना दोन मासे पाठवणार असाल तर सोबत एक चिठ्ठी द्यावी लागते, तिला वाइल्डलाइफ रिसोर्स डॉक्युमेंट म्हणतात. मासे पकडणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, सही, घेणाऱ्याचं नाव, कोणते मासे किती, कुठे आणि कोणत्या दिवशी पकडले, एवढं साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं. ते घरी पोचेपर्यंत माशांबरोबर राहायला हवं.

बोट ठरवताना

कॅप्टनकडे दोन गोष्टी असायला हव्यात: यू.एस. कोस्ट गार्डचा परवाना आणि टेक्सासचा ऑल-वॉटर फिशिंग गाईड परवाना. दोन्ही दाखवा म्हणायला संकोच करू नका, चांगला कॅप्टन आनंदाने दाखवतो. अशा लहान बोटीवर पैसे देणारे जास्तीत जास्त सहा प्रवासी चालतात. सात जण असाल तर दोन बोटी घ्या. २६ फुटांखालच्या बोटीत, बोट चालू असताना, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट हवंच.

आई-वडिलांना मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर हे वाचाच. उन्हाळ्यात या कोमट, निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू वाढतात. उघड्या जखमेतून ते शरीरात गेले तर काही तासांत प्रकृती गंभीर होऊ शकते. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये. माशाचा काटा किंवा कोळंबीचं टोक लागलं तर लगेच साबणाने धुवावं आणि लाली-सूज दिसू लागली की डॉक्टरकडे जावं.

स्वतः कॅप्टन व्हायचं असेल तर

कोस्ट गार्डच्या या परवान्याला, सहा प्रवाशांच्या मर्यादेवरून, सगळे ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. वय किमान १८, समुद्र-सेवेचे ३६० दिवस, त्यातले ९० मागच्या तीन वर्षांतले. लहान बोटीवर किमान चार तास म्हणजे एक दिवस. स्वतःच्या बोटीवरचे दिवस मालकीच्या पुराव्यासह स्वतः प्रमाणित करता येतात, दुसऱ्याच्या बोटीवरचे असतील तर त्या मालकाची सही लागते. हे सगळं फॉर्म सीजी-७१९एस वर. आजपासूनच वहीत नोंदी ठेवायला लागा, कारण जुने दिवस आठवून भरणं हेच बहुतेकांना जड जातं.

आधी टीएसएच्या, म्हणजे फेडरल वाहतूक सुरक्षा खात्याच्या, केंद्रावर बोटांचे ठसे देऊन टीडब्ल्यूआयसी कार्ड, म्हणजे बंदर-जहाजावरच्या कामाचं सुरक्षा ओळखपत्र, काढावं. त्यानंतर मुख्य अर्ज सीजी-७१९बी, वैद्यकीय तपासणी ७१९के, ड्रग टेस्ट ७१९पी, फर्स्ट एड आणि सीपीआरची प्रमाणपत्रं. परीक्षा कोस्ट गार्डच्या केंद्रात देता येते, ह्यूस्टनला केंद्र आहे. नाहीतर मान्यताप्राप्त शाळेचा कोर्स करून तिथेच द्यावी. वाहतुकीच्या नियमांच्या पेपरात ९० टक्के लागतात. शुल्क पे डॉट गव्ह वर भरायचं, छाननी वेस्ट व्हर्जिनियातल्या नॅशनल मेरिटाइम सेंटरमध्ये होते. परवाना पाच वर्षांचा. तो हातात आला की राज्याचा गाईड परवाना, रहिवाशाला २१० डॉलर. पैसे घेऊन प्रवासी नेण्याआधी रँडम ड्रग टेस्टच्या योजनेतही नाव नोंदवावं लागतं.

नागरिक नसलेल्यांना हा परवाना फेडरल नोंदणी नसलेल्या लहान बोटींपुरता मिळू शकतो. पण एच-वन-बी असलेल्यांनी थांबून विचार करावा. तो व्हिसा एका मालकाकडच्या कामाचा असतो. शनिवार-रविवारी पैसे घेऊन लोकांना खाडीत नेणं हे परवानगीबाहेरचं काम ठरतं आणि त्याची झळ ग्रीन कार्डच्या अर्जाला लागू शकते. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

मित्रांनी मिळून कोणाच्या तरी बोटीत जायचं, पेट्रोल, बर्फ आणि आमिषाचा प्रत्यक्ष खर्च आपखुशीने वाटून घ्यायचा, याला कॅप्टनचा परवाना लागत नाही. ‘माणशी शंभर डॉलर’ असं आधी ठरवून कोणाला बोटीत घेतलं की मात्र ती चार्टर झाली.