तलावातील गाळ शेतात नेण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी व शेतकऱ्यांनी काय करावे: पात्रता, कागदपत्रे आणि प्रस्तावाची वाट

सोलापूर जिल्ह्यातील अनेक पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातले आहेत. लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून ते खोदले गेले, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात वरच्या माळावरून आलेली बारीक माती त्यांच्या तळाशी बसत गेली. एप्रिलमध्ये पाणी आटले की हा गाळ भेगाळतो. काही ठिकाणी भेगेत हात कोपरापर्यंत जातो आणि वरची ढेप उचलली तर खालची माती लोण्यासारखी काळी निघते. हा गाळ काढला तर तलावात पाणी जास्त साठते, आणि पाझर तलाव असेल तर ते पुन्हा जमिनीत मुरू लागते, कारण चिकण गाळाच्या थराने तळाची छिद्रे बुजलेली असतात. तोच गाळ मुरमाड रानात पसरला तर त्या रानात ओल टिकते. या दोन्ही कामांची सांगड घालणारी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्य शासनाने मे २०१७ मध्ये सुरू केली आणि जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ती नव्या दरांसह पुन्हा हाती घेतली. गावाने या योजनेत कसे उतरावे, आणि प्रस्ताव बहुतेक वेळा कुठे अडकतो, याची माहिती पुढे दिली आहे.

तलाव कोणाच्या ताब्यात आहे?

अर्ज लिहिण्याआधी या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळवावे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असलेली कामे जिल्हा परिषदेकडे असतात. तिथल्या जलसंधारण विभागाला गावोगावी अजूनही ‘लघुपाटबंधारे’ असेच म्हणतात. १०१ ते ६०० हेक्टरपर्यंतची कामे राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे, तर त्यापेक्षा मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे असतात. म्हणजे गावाशेजारचा पाझर तलाव, बार्शी तालुक्यातील हिंगणी किंवा करमाळ्यातील मांगी यांसारखा मध्यम प्रकल्प, आणि भीमेवरील उजनी या सर्वांसाठी एकच दार नाही. तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परग्याच्या एकरुख तलावातला गाळ हवा असेल, तर ग्रामपंचायतीच्या ठरावाला जलसंपदा विभागाच्या संमतीची जोड लागेल. वनहद्दीतील किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात येणाऱ्या तलावासाठी वन विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

तलावाचे नाव व क्रमांक सरकारी नोंदीत जसे आहे तसेच ठरावात यावे. मी पाहिलेल्या एका प्रस्तावात ठराव ‘गाव तलावा’चा होता आणि कार्यालयाच्या नोंदवहीत तोच तलाव ‘पाझर तलाव क्र. २’ म्हणून होता. एवढ्या फरकापायी नस्ती परत आली, दुरुस्त ठराव होईपर्यंत मे उजाडला आणि त्या वर्षीचा हंगाम हातचा गेला. चूक गावाचीही नव्हती, कारण गावात त्या तलावाला दुसरे नावच कोणी ऐकलेले नव्हते. म्हणून गट क्रमांक, तलावाचा प्रकार आणि तो बांधल्याचे वर्ष संबंधित विभागाच्या शाखा अभियंत्याकडून लिहून घ्यावे आणि मगच ठरावाचा मसुदा करावा.

ग्रामपंचायतीचा ठराव

ठरावात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणत्या तलावातील गाळ काढायचा, अंदाजे किती गाळ आहे, तो नेण्यास किती शेतकरी तयार आहेत, आणि काम कोणी करायचे. काम अशासकीय संस्थेमार्फत होऊ शकते किंवा ग्रामपंचायत स्वतः ते करू शकते. संस्था नेमायची असेल तर तिची नोंदणी, लेखापरीक्षण अहवाल आणि पूर्वी केलेल्या कामांची माहिती प्रस्तावाला जोडावी. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. जिल्ह्यातील साखर कारखाने किंवा इतर उद्योग यंत्रासाठी असा निधी देणार असतील, तर त्यांचे संमतिपत्र ठरावासोबत द्यावे, कारण एकाच घनमीटरचा खर्च दोन ठिकाणांहून घेता येत नाही आणि हा प्रश्न तपासणीत हमखास विचारला जातो.

शेतकऱ्यांची यादी हा प्रस्तावाचा कणा आहे. गाळाला मागणी नसेल तर काढलेला गाळ तलावाच्या काठावरच ढीग होऊन पडतो आणि पहिल्या वळवाच्या पावसात परत आत जातो. यादीत नाव, गट क्रमांक, क्षेत्र, हवा असलेला गाळ आणि तलावापासूनचे अंतर असे रकाने ठेवावेत. अंतराचा रकाना शासकीय नमुन्यात असो वा नसो, गावाने तो ठेवावाच; त्याचे कारण पुढे पैशांच्या हिशेबात दिसेल.

अनुदानास पात्र कोण?

गाळ नेण्याची मुभा आणि गाळ वाहतुकीचे अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ बहुतेक याच ठिकाणी होतो. गाळ कोणताही शेतकरी स्वतःच्या शेतासाठी, स्वतःच्या खर्चाने नेऊ शकतो. अनुदान मात्र एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या अत्यल्प भूधारकांना आणि एक ते दोन हेक्टर जमीन असलेल्या अल्प भूधारकांना मिळते. विधवा शेतकरी, दिव्यांग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबे यांची जमीन यापेक्षा जास्त असली तरी ती पात्र धरली जातात. भूधारणा ठरवताना फक्त एक सातबारा पाहून चालत नाही. गावातील सर्व खात्यांची बेरीज आठ-अ उताऱ्यावरून होते. सामाईक खात्यात चार भावांची नावे असतील तर प्रत्येकाचा हिस्सा किती हे आधी स्पष्ट करून घ्यावे, नाहीतर एका भावाचा अर्ज चौघांच्या क्षेत्रावर मोजला जातो.

कागदपत्रे फार नाहीत. अलीकडचा सातबारा आणि आठ-अ, आधार कार्ड, आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, आणि गाळ आपल्याच शेतात पसरेन, विकणार नाही, असे हमीपत्र एवढे बहुतेकांना पुरते. विशेष प्रवर्गासाठी त्यात एकेका दाखल्याची भर पडते: पतीच्या मृत्यूचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, किंवा तहसील कार्यालयातील पात्र प्रकरणाची नोंद. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो आणि तो चालतो. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असेल तर तोही अर्जावर लिहावा. तलाठी आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आहेत; अर्जावर पदनाम जुने लिहिले म्हणून तो कोणी फेटाळत नाही, पण ठरावात नवे पदनाम लिहिलेले बरे.

पैशांचा हिशेब

जानेवारी २०२३ च्या निर्णयानुसार गाळ काढण्यासाठी यंत्र व इंधन मिळून प्रति घनमीटर ३१ रुपये दिले जातात. ही रक्कम काम करणाऱ्या संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला मिळते. शेतकऱ्याला गाळ वाहून नेण्यासाठी व पसरण्यासाठी प्रति घनमीटर ३५ रुपये ७५ पैसे मिळतात. त्याला एकरी १५,००० रुपयांची आणि एकूण अडीच एकरांची, म्हणजे ३७,५०० रुपयांची मर्यादा आहे.

गावात घनमीटरची भाषा कोणी बोलत नाही, ब्रासची बोलतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. त्या हिशेबाने शेतकऱ्याला एका ब्रासमागे सुमारे १०१ रुपये मिळतात. एका एकरात ४०० घनमीटर गाळ पसरला तर सर्वत्र साधारण दहा सेंटिमीटरचा, म्हणजे चार बोटे जाडीचा थर होतो, आणि ट्रॉलीत एक ब्रास बसते असे धरले तर त्यासाठी सुमारे १४० खेपा लागतात. शेत तलावाला लागून असेल आणि ट्रॅक्टर घरचा असेल तर शंभर रुपयांत खेप बसू शकते. शेत तीन-चार किलोमीटरवर असेल आणि ट्रॅक्टर भाड्याचा असेल, तर अनुदान खर्चाचा एक भागच भरून काढते. हे शेतकऱ्याला यादीत नाव घालतानाच सांगावे. अंतराचा रकाना त्यासाठीच आहे. ‘सरकार गाळ घरपोच देणार’ अशा समजुतीने नावे घातली गेली की काम सुरू झाल्यावर निम्मी यादी गळते, आणि यंत्र तळात उभे राहते.

सर्वच रानांना गाळाची गरज नसते, हेही यादी करताना पाहावे. सांगोल्याकडील हलक्या, मुरमाड जमिनीत गाळाचा उपयोग उघड दिसतो. मंगळवेढ्याच्या ज्वारी पिकवणाऱ्या खोल काळ्या रानावर आणखी चिकण माती टाकून काही साधत नाही. उलट पाण्याचा निचरा बिघडतो. तलावाच्या पाणलोटात क्षारपड जमीन असेल तर गाळाचा नमुना मृद चाचणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. डाळिंबाच्या बागेत गाळ टाकताना तो खोडाशी दाबून रचू नये, एवढे बागायतदारांना वेगळे सांगायला नको.

प्रस्तावाची वाट

ठराव, शेतकऱ्यांची यादी व कागदपत्रे तलाव ज्या विभागाचा आहे त्याच्या उपविभागीय कार्यालयात द्यावीत आणि पोच घ्यावी. उपअभियंत्याचे पथक तलावाची पाहणी करते, तळाच्या लेव्हल (उंचीची मापे) घेते आणि गाळाचे परिमाण काढून अंदाजपत्रक बनवते. त्यानंतर प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीपुढे जातो. मंजुरी मिळाली की कार्यादेश निघतो, आणि कार्यादेशाच्या तारखेआधी केलेल्या खोदाईचे पैसे मिळत नाहीत.

या साखळीला लागणारे दिवस आणि तलाव कोरडा असण्याचे दिवस यांचा मेळ बसला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात बहुतेक छोटे तलाव मार्चअखेर उघडे पडतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. म्हणजे प्रत्यक्ष खोदाईला दोन-अडीच महिनेच मिळतात. एप्रिलमध्ये ठराव करणारी गावे त्याच वर्षी काम होईल या आशेवर असतात, आणि ती आशा क्वचितच पुरी होते. ठराव व यादी डिसेंबरपर्यंत, तर पाहणी पाणी ओसरू लागताच व्हावी, असे गावानेच ठरवून घ्यावे.

प्रत्यक्ष कामावर

अनुदानाचा प्रत्येक रुपया मोजलेल्या घनमीटरवर उभा असतो, आणि मोजमाप दोन बाजूंनी होते. एकीकडे अभियंता कामाआधीच्या व कामानंतरच्या लेव्हलवरून मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो. दुसरीकडे तलावाच्या तोंडाशी खेपांची नोंदवही असते. तीत तारीख, वाहन क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक आणि सही किंवा अंगठा असावा. ही वही दुपारच्या उन्हात बाभळीखाली बसून कोणीतरी प्रामाणिकपणे भरावी लागते, आणि त्या माणसाला ग्रामपंचायतीने रोजंदारी द्यायला हरकत नाही. संध्याकाळी अंदाजाने भरलेली वही ओळखू येते: सगळ्या नोंदी एकाच शाईत असतात आणि खेपांचे आकडे दहाच्या पटीत येतात. वहीची आणि लेव्हलची बेरीज जुळली नाही की देयक थांबते, आणि त्यात खरोखर गाळ नेलेला शेतकरीही अडकतो. कामाआधीची, चालू असतानाची आणि नंतरची छायाचित्रे स्थळ-काळाच्या नोंदीसह काढून ठेवावीत.

या योजनेत केवळ गाळच काढता येतो. तळाशी वाळू लागली तर खोदाई थांबवून तहसील कार्यालयाला कळवावे. वाळू उपशाला यात पूर्ण बंदी आहे. मुरमाचेही तेच. शेतात नेलेल्या गाळावर स्वामित्वधन (रॉयल्टी) लागत नाही, मात्र त्या नावाखाली मुरूम किंवा वाळू भरलेली गाडी सापडली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. साठवण तलावात मूळ तळाच्या खाली जाणे तर गावाच्याच अंगाशी येते, कारण मुरूम उघडा पडला की पाणी साठण्याऐवजी झिरपून जाते. भरावाच्या पायथ्याशी व सांडव्याजवळ पोकलेन नेऊ नये. किती अंतर सोडायचे ते अभियंत्याकडून चुना टाकून आखून घ्यावे.

देयकाच्या वेळी

काम संपल्यावर मोजमाप पुस्तिका, खेपांची वही, शेतकरीनिहाय गोषवारा आणि छायाचित्रे एकत्र सादर केली जातात. शेतकऱ्याचे अनुदान त्याच्या खात्यात जमा होते. ते ग्रामपंचायतीच्या किंवा ट्रॅक्टरमालकाच्या हाती देण्याची तरतूद नाही, म्हणून ट्रॅक्टरचे भाडे अनुदान आल्यावर देऊ असा तोंडी व्यवहार करू नये. गोषवाऱ्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. कोणाच्या नावावर किती खेपा लागल्या हे गावाने तेव्हाच वाचले तर चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. कामानंतरच्या लेव्हल मात्र मृगाआधीच घेऊन ठेवाव्यात, कारण तलावात एकदा पाणी आले की तळ दिसत नाही आणि मोजणी पुढच्या उन्हाळ्यावर जाते.