फोनमध्ये शिरलेला चोर फाइल कशी शोधतो?

फोनमध्ये शिरलेलं घातक अ‍ॅप एकेक फाइल उघडून वाचत बसत नाही. तसं केलं तर फोन तापेल, डेटा भराभर संपेल आणि मालकाला संशय येईल. त्याला आधी हवी असते यादी: कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, आकार किती, शेवटचा बदल कधी झाला. त्यातून पीडीएफ, वर्ड, रेकॉर्डिंग असं कामाचं तेवढं निवडायचं आणि गुपचूप बाहेर पाठवायचं.

यादी करणं सोपं जातं, कारण फोन फार शिस्तीचा असतो. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’मध्ये, उतरवलेल्या फाइली ‘डाउनलोड’मध्ये, फोन कुठलाही असो, पत्ते जवळपास तेच. शिवाय फोटो-व्हिडिओंची सूची अँड्रॉइडमधलं ‘मीडियास्टोअर’ स्वतःच तयार ठेवतं. परवानगी मिळाली की निम्मं काम आयतंच झालेलं!

आडवं येतं ते सँडबॉक्स, म्हणजे प्रत्येक अ‍ॅपभोवतीची भिंत. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला लिनक्सचा (ज्या प्रणालीवर ते उभं आहे तिचा) वेगळा वापरकर्ता मानतं, त्यामुळे एकाचा खासगी फोल्डर दुसऱ्याला उघडता येत नाही. आयफोनमध्येही अ‍ॅप आपापल्या कप्प्यात बंद असतं. ही भिंत पाडायची तर ऑपरेटिंग सिस्टीममधलीच त्रुटी लागते. २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने आयफोनमधल्या तीन त्रुटी एकापुढे एक जोडल्या होत्या. भिंत पडली की चॅटचे डेटाबेसही हाती लागतात. संदेश वाटेत कूटबद्ध असतो हे खरं, पण तुम्हाला वाचता यावा म्हणून फोनवर तो उलगडावाच लागतो.

अर्थात इतका खटाटोप बहुतेकांना परवडत नाही. ते सरळ परवानगी मागतात. २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सापडलेलं ‘स्पार्ककॅट’ तसंच होतं. ते गुगल प्ले आणि अ‍ॅप स्टोअर या दोन्हींवरच्या अ‍ॅप्समध्ये लपलेलं होतं. ग्राहक-मदतीचं चॅट उघडलं की ते गॅलरी मागायचं; अशा वेळी स्क्रीनशॉट पाठवायला परवानगी लागणारच, असं कुणालाही वाटेल. मग ते फोटोंमधली अक्षरं वाचून क्रिप्टो वॉलेटचे परवलीचे शब्द हुडकायचं. म्हणजे फाइलच्या नावाचाही प्रश्न उरला नाही.

आयओएस १४ आणि अँड्रॉइड १४ पासून अ‍ॅपला पूर्ण गॅलरीऐवजी निवडक फोटो देता येतात. न दिलेले फोटो मग त्याच्या यादीत येतच नाहीत. अँड्रॉइडवर ‘सर्व फाइल्स’ची परवानगी मात्र वेगळी असते. ती फाइल मॅनेजर किंवा अँटिव्हायरसला लागते, टॉर्चच्या अ‍ॅपला नाही.