लिस्बनमध्ये राहण्याची जागा ठरवण्यापूर्वी

आमच्यामार्फत लिस्बनला जाणाऱ्या ग्राहकांचा तिथे पोहोचल्याच्या दिवशी जो फोन येतो, त्यातली तक्रार बहुतेक वेळा एकच असते: खोली चांगली आहे, पण तिथपर्यंत चढून जाववत नाही. नकाशावर किल्ल्याजवळ दिसणारी जागा ग्राहकाने स्वतःच पसंत केलेली असते आणि मधल्या पायऱ्या नकाशावर दिसत नाहीत. आयत्या वेळी खोली बदलली की पहिल्या रात्रीचे पैसे जातातच, शिवाय नवी जागा शोधण्यात सहलीतला अर्धा दिवस खर्ची पडतो.

लिस्बन सात टेकड्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध असले, तरी ही सातची मोजणी सतराव्या शतकातील एका धर्मगुरूच्या ग्रंथातून रूढ झाली आहे. चालणाऱ्याच्या पायांना टेकड्या त्याहून जास्त लागतात. शिवाय हे शहर खुल्या समुद्रावर नाही, तेजो नदीच्या रुंद मुखापाशी आहे. त्यामुळे ‘समुद्र दिसणारी खोली’ मागणाऱ्यांना खिडकीतून नदीच दिसते, आणि किनाऱ्यावर जायचे असल्यास कैश दु सोद्रे स्थानकावरून कश्कैशची लोकल पकडावी लागते.

शहराच्या मध्यभागी सपाट आणि चढाचे भाग इतके वेगळे का, याचे उत्तर बरेचसे १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आहे. सर्व संतांच्या सणाची ती सकाळ होती आणि चर्चमध्ये मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. आधी भूकंप, मग समुद्राच्या लाटा आणि त्यानंतर कित्येक दिवस धुमसणारी आग यांत नदीकाठचा सखल भाग, म्हणजे बाइशा, उद्ध्वस्त झाला. तो नव्याने बांधताना रस्ते सरळ आखले गेले आणि पुन्हा धक्का बसल्यास इमारतींनी तग धरावा म्हणून भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा घालण्यात आला. किल्ल्याच्या उतारावर, खडकावर वसलेला आल्फामा हा जुना भाग मात्र बराचसा वाचला, त्यामुळे तिथल्या गल्ल्या आजही अरुंद, वळणाच्या आणि पायऱ्यांच्या आहेत. पुष्कळ गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही, जुन्या घरांना सहसा लिफ्ट नसते, आणि गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या फरसबंदीवरून पावसात चाकांची बॅग ओढणे जिकिरीचे होते. पणजीच्या चर्चच्या पायऱ्या नातेवाइकांसाठी घेतलेल्या काजूंनी भरलेली तेवीस किलोंची बॅग उचलून चढायच्या, अशी कल्पना करून पाहावी. आल्फामा पाहण्यासारखा आहेच, पण तो हात मोकळे ठेवून पाहावा.

चढ टाळण्याच्या काही सोयी त्या शहरात फुकट आहेत, आणि त्या बऱ्याच प्रवाशांना ठाऊक नसतात. बाइशातील रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीच्या आत सार्वजनिक लिफ्ट आहे; तिने वर गेल्यावर थोडे चालून दुसरी लिफ्ट घेतली की किल्ल्याच्या तटाखालच्या रस्त्यावर पोहोचता येते. बाइशा-शियादु मेट्रो स्थानकाचे सरकते जिने खालच्या दारातून वरच्या चौकापर्यंत तिकिटाविना नेतात. तिथून कार्मुच्या छत नसलेल्या मठापर्यंत चालत जाता येते, त्यामुळे केवळ वर जाण्यासाठी १९०२ च्या सांता जुस्ता लिफ्टच्या रांगेत उभे राहण्याचे कारण उरत नाही.

२८ क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामबद्दल प्रत्येक जण विचारतो. तिच्या रुळांमधील अंतर केवळ ९०० मिलिमीटर आहे, आणि वळणे व चढ इतके अवघड आहेत की १९३० च्या दशकातील लहान डबेच नवी यंत्रे बसवून आजही चालवले जातात. ती सहलीची गाडी म्हणून, सकाळी लवकर घ्यावी आणि खिसा सांभाळावा. सामान घेऊन हॉटेल गाठण्यासाठी ती नव्हे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया या तारेने ओढल्या जाणाऱ्या, रुळांवरच्या चढाच्या गाडीला अपघात होऊन १६ जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तशा इतर गाड्याही तपासणीसाठी थांबवण्यात आल्या. म्हणून त्यांच्या भरवशावर दिवस आखू नये.

जुन्या कागदपत्रांसाठी जाणाऱ्या गोमंतकीयांनी हेही ध्यानात घ्यावे की तोर्रे दु तोम्बु हे राष्ट्रीय अभिलेखागार किल्ल्यात नाही. किल्ल्यातील ज्या बुरुजावरून त्याला नाव मिळाले तो १७५५ मध्ये कोसळला. १९९० पासून ते विद्यापीठाच्या परिसरात आहे. कागद पाहण्याचे काम असणाऱ्याने किल्ल्याजवळ राहण्यात काहीच सोय नाही.

आमच्या अर्जात घरातील कोणाचे गुडघे दुखतात का आणि एकूण बॅगा किती, असे प्रश्न पाहून काही ग्राहक नाराज होतात. ती चौकशी उगाच केलेली नाही. उत्तरे पाहूनच आम्ही बहुधा साल्दान्याच्या बाजूला जागा सुचवतो, कारण तो भाग बराचसा सपाट आहे आणि विमानतळावरून मेट्रो थेट तिथे येते. तिथला दर आल्फाम्यातील एखाद्या स्वस्त खोलीपेक्षा कधी जास्त पडतो, हे मान्य आहे. पण टॅक्सीचे फेरे आणि खोली बदलण्याचा खर्च धरला, तर तो फरक फारसा उरत नाही. जागा स्वतः शोधली असेल, तर पैसे भरण्याआधी तिचा पूर्ण पत्ता आणि मजला आमच्या कार्यालयात कळवावा. तिकीट आमच्याकडून घेतलेल्यांना ही तपासणी विनामूल्य करून मिळते.