प्रेमभंगाचं दुःख की छळाची धास्ती?
गेल्या नवरात्रात माझी 17 वर्षांची भाची गरब्याला गेली नाही. बडोद्यात, तेही दांडिया बाजारात राहून, हे सहज होत नाही. इस्त्री केलेली चणियाचोळी पलंगावर तशीच पडून होती. ताई म्हणाली, "ब्रेकअप झालंय, रडेल चार दिवस." मलाही तेच वाटलं. मग जेवताना पालथा ठेवलेला मोबाइल थरथरला आणि तिचा घास हातातच थांबला. फोनची वाट पाहणारं माणूस असं दचकत नाही.

प्रेमभंगाचं दुःख आणि छळाची धास्ती वरून सारखीच दिसतात, म्हणून आपण फसतो. भूक मरते, झोप उडते, मार्क घसरतात. पण प्रेमभंगाचं दुःख येतं तसं ओसरतं. मैत्रिणीपाशी बोललं की हलकं होतं, मध्येच सेवउसळ खाताना मुलगी खळखळून हसतेही. छळ सोसणाऱ्या मुलीला मन मोकळं करायला मैत्रीणच उरलेली नसते, कारण छळणाऱ्या मित्राने एकेकीला नावं ठेवून तोडलेली असते. 'कुठे आहेस, फोटो पाठव', लोकेशन, पासवर्ड. सुरुवातीला हे सगळं तिला प्रेमच वाटतं. पहिलंच नातं, ताडून बघायला दुसरं नसतं. रात्री शिव्या, सकाळी रडून माफी. त्या माफीच्या आशेनेच ती अडकून राहते आणि हळूहळू 'माझंच चुकत असेल' असं बोलू लागते. शरीर सतत सावध राहतं: पोट दुखतं, डोकं दुखतं, दाराची बेल वाजली तरी छातीत धस्स होतं. यातून नैराश्य, चिंता, स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ शकतात. मुलांचाही असा छळ होतो. ते बोलत नाहीत, चिडचिड करतात आणि आपण 'वयच तसं' म्हणून सोडून देतो.

आणि ब्रेकअप झालं म्हणजे सुटली, असंही नाही. सोडून गेल्यावर धमक्या वाढू शकतात. त्यात तिला त्याची आठवणही येत असते. दोन्ही एकदमच चालू असतं. म्हणून 'असला मुलगा आवडलाच कसा' हे विचारू नये. मोबाइल हिसकावून घेऊ नये, तोही तेच करत होता.

मी एवढंच विचारलं, "बाळा, त्याला नाही म्हटलंस तर काय होतं?"

नुसतं मन दुखावलेलं असतं, तर ती भांडणाचं, अबोल्याचं सांगत बसली असती. भाचीने मोबाइल सुलटा करून माझ्यापुढे सरकवला. 41 मिस्ड कॉल होते.

साधं दुःखही दोन आठवडे उलटून रोज दिवसभर तसंच राहिलं, तर डॉक्टरांना दाखवावं. धास्ती असेल तर तेवढेही दिवस थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. 18 वर्षांखालील मुलामुलींसाठी 1098, आणि गुजरातेत मुली-बायकांसाठी 181 अभयम हेल्पलाइन. आम्ही त्याच रात्री 14416 लावला. ताई तिच्या शेजारी बसली होती, मध्ये एक शब्द बोलली नाही.