नाडी पाहायला हातमोजे कशाला?

नाडी पाहायची आहे. जखम नाही, सुई नाही, रक्ताचा थेंबही नाही. तरी केसपेपरवर ‘एचआयव्ही’ दिसलं की एकावर एक दोन हातमोजे चढतात. ‘काळजी घेतलेली बरी’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर मला मनापासून खटकतं. अखंड कातडीला स्पर्श करून एचआयव्ही होत नाही. रुग्णाला मात्र त्या रबरी बोटांतून जे कळायचं ते कळतं.

एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याचं प्रमाण सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन आहे. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराच्या बाधित रक्ताची सुई टोचली, तर लस न घेतलेल्या माणसाला लागण होण्याचं प्रमाण ६ ते ३० टक्के! शिवाय ७२ तासांच्या आत औषधं सुरू करून २८ दिवस घेतली, तर एचआयव्हीचा हा धोका आणखी खूप घटतो. नियमित उपचारांनी रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, तर तो शरीरसंबंधातूनही जोडीदाराकडे जात नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात अशा जोडप्यांच्या सुमारे ५८ हजार कंडोमविना संबंधांचा हिशेब होता. त्यात बाधित जोडीदाराकडून झालेली लागण एकही नव्हती.

मग हातमोजे कशासाठी? परिचर्या (नर्सिंग) संशोधनाचं काम इथेच सुरू होतं, आणि त्यातला मला सर्वांत भावणारा भाग म्हणजे मोजमाप. रक्तातला विषाणू यंत्र मोजतं. पण या आजाराला चिकटलेला, हातमोजे चढवायला लावणारा कलंक मोजायचा कसा?

संशोधक बार्बरा बर्गर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ४० विधानांची मोजपट्टी मांडली. आपल्याला एचआयव्ही आहे हे सांगताना जपून राहावं लागतं का, सांगितल्याचा पस्तावा झाला का, आपण इतरांइतके चांगले नाही असं वाटतं का, अशा आशयाची ही विधानं. प्रत्येकापुढे ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत चार पायऱ्या. ३१८ जणांनी उत्तरं दिली. मग कोणती विधानं जोडीनं वर-खाली होतात ते गणितानं शोधलं. ‘सांगितल्याचा पस्तावा झाला’ याला होकार देणारेच ‘मित्र दुरावले’ यालाही होकार देत असतील, तर दोन्हींच्या मुळाशी एकच न दिसणारी गोष्ट असणार. याला घटक विश्लेषण म्हणतात. त्यातून चार गाठी सुटून आल्या: प्रत्यक्ष भोगलेली वागणूक, उघड होण्याची धास्ती, स्वतःविषयीचा कमीपणा आणि लोक काय म्हणतील याची काळजी. विधानांचा आपसातला मेळ सांगणारा क्रॉनबाख अल्फा ०.९६ आला, तो १ च्या जितका जवळ, तितका मेळ पक्का.

यातली तिसरी गाठ फार चिवट. बाहेरचा कोणी काही बोलला नाही तरी ती आत बसून राहते. माणूस औषधाची बाटली लपवतो, घरात पाहुणे आले की गोळी चुकवतो. विषाणूला तेवढं पुरतं. त्याच्या प्रती काढणारं विकर (एन्झाइम) फार चुका करतं आणि त्या दुरुस्त करत नाही. औषध अपुरं पडलं की या चुकांतूनच औषधाला न जुमानणारे विषाणू निवडले जातात. ‘एड्स मुळापासून बरा’ करणाऱ्या जडीबुटीच्या जाहिरातींचा मला संताप येतो तो यामुळेच. त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांत परततो.

कलंक कमी कसा करायचा? नुसती माहिती देऊन भागत नाही. संशोधक लिआना उइस आणि सहकाऱ्यांनी लेसोथो, मलावी, दक्षिण आफ्रिका, स्वाझीलँड (आताचं एस्वातिनी) आणि टांझानिया इथल्या आरोग्यकेंद्रांत परिचारिका आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे एकत्र गट केले. गटानं माहितीची देवाणघेवाण करायची आणि आपल्या केंद्रातला कलंक कमी करणारा उपक्रम मिळून आखायचा. नेहमी खाटेच्या दोन बाजूंना असणारी माणसं एका बाजूला आली.

२००९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सरळसोट नाहीत. गटातल्या बाधितांना जाणवणारा कलंक घटला, स्वाभिमान वाढला. परिचारिकांच्या मोजपट्टीवर मात्र कलंक घटल्याचं दिसलं नाही. काहींना हे अपयश वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण त्याच परिचारिकांमध्ये स्वतःची एचआयव्ही चाचणी करून घेण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं. ‘हे त्यांचं दुखणं’ असं मानणारी परिचारिका चाचणीसाठी आपला हात कशाला पुढे करेल?