काडीविना पेटणारी चिंधी

सागवानी दाराला जवसाच्या तेलाचा हात दिला की तेलकट चिंधी उरते. ती चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर काही तासांत आपोआप पेटू शकते. काडी नको, ठिणगीही नको.

हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यातलं निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या दोन दुहेरी बंधांमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो, तिथे ऑक्सिजन चिकटून पेरॉक्साइड बनतं आणि ते फुटलं की शेजारचे रेणूही ओढले जातात. यात उष्णता निघते. दारावरच्या पातळ थरातून ती लगेच हवेत जाते. बोळ्यात मात्र ऑक्सिजन आत पोचतो, पण उष्णता कोंडते. तापमान 10 अंशांनी वाढलं की क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. इंदूरचा मे महिना त्यात 40 अंशांची सुरुवात आयती देतो. ‘बॉइल्ड’ तेल तर आणखी घातक, कारण लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट-मँगनीजचे क्षार असतात.

23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझाच्या 22व्या मजल्यावर अशाच चिंध्यांनी आग लागली. अग्निशमन दलाचे तिघे मरण पावले. आग 30व्या मजल्यावर थांबली. तिथे स्प्रिंकलर, म्हणजे आगीत आपोआप पाणी फवारणारे नळ, होते.

कोणतं तेल किती धोक्याचं, याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो (तेलात दुहेरी बंध किती, ते सांगणारा आकडा; जितका मोठा तितका धोका जास्त): जवस 170 ते 200, सोयाबीन 120 ते 140, शेंगदाणा 85 ते 105, खोबरेल जेमतेम 6 ते 11. सोयाबीन तेलाची गार चिंधी सहसा पेटत नाही. पण सेव तळताना झाऱ्याने काढलेला चुरा गरमच असतो, म्हणजे क्रियेची पहिली चढण आधीच पार झालेली. रात्री तो चाळणीत ढीग करून ठेवला तर मधोमध धुमसू लागतो. मोठ्या पातेल्यापेक्षा पसरट परात बरी: दोन बोटांपेक्षा जाड थर नको, आणि पार गार झाल्याशिवाय कचऱ्यात नको.

पॉलिशची चिंधी अंगणात एकेरी पसरून वाळत घाला, पण इतर कपड्यांजवळ नको. कडक झाली की टाकायला हरकत नाही. जागा नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावा. पुन्हा वापरायची म्हणून धुवून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. साबणाने सगळं तेल निघत नाही आणि घडी घातलेल्या गठ्ठ्यात उरलेलं तेलही तापू शकतं. ढिगातून धूर येऊ लागलाच तर तो उकरू नका, आत हवा शिरून भडका उडतो. बाहेर पडा आणि 101 किंवा 112 लावा.