वस्त्रप्रमाणन, बेळगाव सीमाभागातील

कापडाचा तंतू, विणण्याची रीत, उगमस्थान, रंगातील रसायने किंवा कामगाराची मजुरी यांपैकी एखाद्या गोष्टीची त्रयस्थ संस्थेने दिलेली हमी आणि ती दर्शविणारे चिन्ह. कोणतेही एक चिन्ह या सर्व गोष्टींची हमी देत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात खादी, हातमाग आणि यंत्रमाग यांचा माल एकाच पेठेत येतो, त्यामुळे हा भेद येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

उगम : या भागातील प्रमाणनाचा आरंभ डिसेंबर १९२४ च्या बेळगाव काँग्रेसपासून धरावा, असे काहींचे मत आहे. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील या अधिवेशनाने काँग्रेसच्या सभासदत्वासाठी पैशांऐवजी दरमहा २,००० वार सुताची वर्गणी मान्य केली. सूत समपिळाचे असावे, अशी अट होती. ते स्वतः कातणे शक्य वा मान्य नसल्यास दुसऱ्याकडून मिळवून देण्याची मुभा होती. तथापि ही अट सभासदाची होती, मालाची नव्हती. दुकानातील कापडाबद्दल ग्राहकाला तिच्यातून काहीच कळत नसे, आणि सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ती ऐच्छिकही झाली. पाटण्यालाच अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. त्याने खादी उत्पादकांना व विक्रेत्यांना प्रमाणपत्रे देण्याची पद्धत रूढ केली. गिरणीच्या सुताचे कापड खादी म्हणून खपविले जाई, त्याला आळा घालणे हा तिचा एक हेतू होता. प्रमाणनाचा उगम येथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९३५ मध्ये गांधींच्या आग्रहावरून संघाने कातणाऱ्यांच्या किमान मजुरीचे धोरण स्वीकारले आणि प्रमाणपत्राचा संबंध मजुरीशीही जोडला गेला. गांधींना अपेक्षित असलेला आठ तासांना आठ आणे हा दर प्रत्यक्षात आला नाही. तरीही कापडाच्या शुद्धतेबरोबर कारागिराच्या मोबदल्याची हमी मागण्याची कल्पना ‘फेअरट्रेड’ चिन्हाच्या कितीतरी आधीची आहे, हे त्यावरून दिसते. बेळगावजवळचे हुदली हे काँग्रेसचे नेते गंगाधरराव देशपांडे यांचे गाव खादीकार्याचे स्थानिक केंद्र होते. १९३७ मध्ये गांधी तेथे राहून गेले.

पुढे हे काम खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आले. कापड हाताने कातलेल्या सुताचे व हाताने विणलेले असल्याची ग्वाही देणारे सध्याचे ‘खादी मार्क’ २०१३ च्या विनियमांनुसार दिले जाते.

हातमाग आणि यंत्रमाग : शहापूर (१९४८ पर्यंत सांगली संस्थानात), वडगाव व खासबाग या विणकर वस्त्यांत आज मुख्यतः यंत्रमाग चालतात. २००६ मध्ये सुरू झालेले ‘हँडलूम मार्क’ त्यांच्या साडीला मिळू शकत नाही. ती साडी चांगली की वाईट, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे चिन्ह फक्त हाताने विणल्याची ग्वाही देते. तसेच २००४ पासूनचे ‘सिल्क मार्क’ शुद्ध रेशमाबद्दल आहे, मागाबद्दल नाही. त्यामुळे यंत्रमागावरील शुद्ध रेशमी साडीला ‘सिल्क मार्क’ लागू शकते आणि यंत्रमागावरील कृत्रिम रेशमाच्या साडीला दोन्ही लागत नाहीत. शहापूरच्या पेठेत गिऱ्हाईक अजूनही पदराचा एखादा धागा ओढून जाळून पाहते : रेशीम केस जळल्यासारखा वास देते व राख बोटांत चुरते, पॉलिएस्टरची मात्र वितळून कडक गुठळी होते. तंतू ओळखायला ही परीक्षा पुरते, रंगाबद्दल ती काहीच सांगत नाही.

इरकल साडीला २००७ च्या सुमारास भौगोलिक मानांकन (मालाचे नाव त्याच्या उगमस्थानाशी जोडणारी नोंदणी) मिळाले. तिचे मूळ गाव इलकल बागलकोट जिल्ह्यात असले, तरी तिची मोठी गिऱ्हाइकी मराठी मुलखात आहे. अंगाचा आणि पदराचा ताणा (उभे धागे) वेगवेगळा लावून फासे अडकवून जोडण्याची ‘टोपे तेनी’ ही रीत तिची ओळख मानतात. अंग व पदर जेथे मिळतात, ती जागा उलट्या बाजूने पाहिल्यास हा जोड दिसतो.

रसायनांची सुरक्षितता : काही अ‍ॅझो रंगांपासून (कापडासाठी वापरले जाणारे एका प्रकारचे कृत्रिम रंग) कर्ककारक अमाइने (नत्रयुक्त रसायने) सुटू शकतात. जर्मनीने अशा रंगांवर १९९४ मध्ये निर्बंध आणले. भारतानेही १९९० च्या दशकात बंदी घातली. युरोपीय संघाची मर्यादा प्रत्येक अमाइनासाठी किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. १९९२ पासूनचे ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ तयार मालातील घातक द्रव्ये तपासते. तीन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या कपड्यांसाठी त्याचे निकष सर्वांत कडक आहेत. कापूस सेंद्रिय असल्याचे ते सांगत नाही. ‘गॉट्स’ (सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक) या चिन्हासाठी किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतो, शिवाय प्रक्रिया व कामगारांविषयीच्या अटी पाळाव्या लागतात. ही दोन्ही चिन्हे प्रामुख्याने निर्यातीच्या मालावर आढळतात.

राष्ट्रध्वजाचे कापड हा स्वतंत्र विषय असून त्यासाठी भारतीय मानक १९५१ पासून आहे. हुबळीजवळच्या बेंगेरी येथील खादी संघाला ध्वजनिर्मितीचा मानक परवाना २००५-०६ च्या सुमारास मिळाला. ध्वजसंहितेच्या डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीने यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली.